सिंधूअक्कांची किळस

नव्या माणसाची ऑफिसात ओळख होते ती नाव-गावाने. माझी आणि सिंधूअक्कांची झाली नखांवरून. व्यवस्थापक म्हणून रुजू झालो त्या सकाळी मी इस्त्रीच्या शर्टात प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "नमस्कार, मी विलास महाजन." हिरव्या टोपीखालच्या दोन डोळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते थेट हातांवर आले.

"काल शेवभाजी खाल्ली ना रे? नखात मसाला हाये. जाय, धुऊन ये."

मी धुऊन आलो. त्यांनी पुन्हा पाहिलं. "छी. जाय, परत धू."

तिसऱ्या खेपेला माझं नाव विचारलं.

आमची कंपनी जळगाव-भुसावळ रस्त्यावर. आवाराच्या एका टोकाला प्रयोगशाळा, तिथे काचेच्या बरण्यांतून केळीची रोपं वाढवायची. दुसऱ्या टोकाला पिकवणीची खोली, तिथे तयार केळी पिकवून खोक्यात भरायची. बरणीचं काम ऐकायला सोपं वाटतं. शेतातलं चांगलं झाड निवडायचं, त्याच्या कोंबाचा कण बरणीत वाढवायचा, त्याचे दोन करायचे, दोनाचे चार, आणि असं करत हजारो. पण निवडलेल्या झाडात खोट असेल तर तीही हजारो होते, आणि कळते ती दहा-अकरा महिन्यांनी, शेतकऱ्याच्या बागेत घड पडायच्या वेळी. म्हणून कोणती बरणी कोणत्या झाडाची, ते झाड कसं होतं, त्याच्या लेकी-नाती कुठल्या मळ्यात कशा निघाल्या, याची नोंद म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण. ती नोंद अक्का ठेवायच्या. प्रत्येक मातृझाडाचे, म्हणजे कोंब घेतलेल्या मूळ झाडाचे, फोटो, पानाची लांबी, घडाच्या फण्या, आणि शेवटी एका ओळीत स्वतःचा शेरा. 'ठीक.' 'बरी.' 'हिच्या नातीत उंची वाढते, हिला थांबवा.' अशी कित्येक वर्षं.

बाकी अक्का म्हणजे नुसती किळस. वरणगावहून एसटीने यायच्या, सीटवर स्वतःचा धुतलेला पंचा अंथरून. पेला स्वतःचा. ऑफिसचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. "तुमची गाळणी पाह्यली का तुम्ही कधी उजेडात?" असं त्यांनी एकदा विचारलं. आम्ही पाहिली. त्यानंतर तीन दिवस ऑफिसात कोणीच चहा घेतला नाही.

बरणी त्या दिव्यासमोर धरायच्या, किंचित तिरकी करायच्या आणि आम्हाला जिथे स्वच्छ पाणी दिसायचं तिथे त्यांना बुरशी दिसायची. मग ती 'छी' यायची. या 'छी'चे प्रकार होते. बरणीला आखूड, माणसाला लांब, आणि मला मध्येच तुटलेली, म्हणजे पुरी करण्याच्याही लायकीचा नाही अशी. त्यांच्या हाताखाली दहा-बारा बायका होत्या. त्यांना निवडताना अक्का शिक्षण विचारत नसत. घाणेरडा फडका पुढे करायच्या आणि बाईचं तोंड बघायच्या. जिचं तोंड वाकडं झालं ती पास. "जिला किळस येत नाही तिच्या हाती रोप देऊ नये," म्हणायच्या.

एकदा हिशेबाच्या खोलीत कशाला तरी आल्या. आमच्या भंगाळे हिशेबनिसांचा कीबोर्ड त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि पेपरवर उलटा करून आपटला. शेव, फुटाण्याची सालं, एक पिन, नखाचा तुकडा आणि एक जिवंत किडा पडला. किडा भंगाळेंकडे गेला, घर ओळखीचं असल्यासारखा.

"अक्का, कीबोर्ड पाच वर्षांचा आहे," भंगाळे म्हणाले.

"पाच वर्षांची माती? मंग कापूस लावा ना भाऊ यात."

मालकांनाही सूट नव्हती. आमचे मालक म्हणजे नाना, मोठा जोरदार माणूस. त्यांचे व्याही प्रयोगशाळा बघायला आले, भारी सफारीत. अक्कांनी त्यांना दारात थांबवून बूट काढायला लावले, मोजे काढायला लावले आणि पाय औषधाच्या पाण्यात बुडवायला सांगितले. नाना मागून डोळ्यांनी खुणा करत होते. अक्का म्हणाल्या, "व्याही तुमचे हायेत नाना, बुरशीचे नाही." व्याह्यांनी निमूट पाय बुडवले. पाण्याचा रंग बदलला. अक्कांनी तो नानांना दाखवला.

आता माझ्याकडे येतो, कारण यापुढची घाण माझी आहे.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर तीन धर्मांचे होते. हिशेबाला विंडोज. खोक्यांवरची लेबलं करणाऱ्या अमोलकडे मॅक. आणि अक्कांच्या टेबलावर एक म्हातारा खोका, ज्यावर त्यांच्या भाच्याने लिनक्स टाकून दिलं होतं. "याला रोग लागत नाही," एवढ्या एका कारणावरून त्यांनी ते पत्करलं होतं. एकाची फाइल दुसऱ्याकडे न्यायची तर पाण्याच्या कूलरशेजारी दोऱ्याला लटकवलेला एक पेन ड्राइव्ह होता. तो सगळे वापरायचे. अक्का त्याकडे बघून म्हणायच्या, "बठ्ठं घर एका ब्रशनं दात घासून राह्यलं." स्वतः कधी हात लावला नाही त्याला.

तो पेन ड्राइव्ह एकदा भंगाळेंच्या मशीनला व्हायरस देऊन गेला, तेव्हा नाना म्हणाले, "विलास, सगळ्यांचं एका जागी राहील असं काहीतरी बघ."

असं यंत्र असतं. नेटवर्कला जोडायचा एक छोटा डबा, आत डिस्का, आणि विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, सगळ्यांना त्याच्यातल्या फाइली सारख्याच दिसतात. त्याला नॅस म्हणतात. आमच्याकडे शेवटपर्यंत डबाच म्हणाले. मी आठ दिवस त्यावर वाचलं आणि पंधरा शब्द शिकलो. पंधरा शब्द शिकलेल्या माणसाइतका घातकी प्राणी दुसरा नाही. मी बावीस रकान्यांचा तक्ता केला. त्यात वेग होता, जागा होती, पंख्याचा आवाज होता, पुढच्या दिव्यांचा रंगसुद्धा होता. डबा ठेवणार कुठे आणि त्यातल्या मालाची दुसरी प्रत कुठे राहणार, एवढे दोनच रकाने नव्हते.

बैठक भरवली. अमोलला वेग हवा होता, भंगाळेंना पासवर्ड नको होता. अक्का भिंतीला न टेकता उभ्या होत्या. आमच्या भिंतीला त्या टेकत नसत.

"दोन डिस्का कशाला रे?" त्यांनी विचारलं.

"आरसा आहे तो, अक्का. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप. एक मेली तरी दुसरी आहेच."

"आन् पह्यलीवर घाण लिहिली तर?"

"तीही दुसरीवर जाणार."

"लगेच?"

"लगेच!" मी अभिमानाने म्हणालो.

"मंग ते जपणं कसं झालं? ती तर लागण झाली. माझ्या मातृझाडांच्या बरण्या मी दोन येगळ्या खोल्यांत ठेवते. एक खोली नासली तर दुसरी राहावी म्हणून. तुझ्या दोन्ही एकाच डब्यात."

"अक्का, डिस्क म्हणजे काय केळं आहे का सडायला?"

बैठक हसली. सगळ्यांत जास्त मी हसलो. आज ते हसू आठवलं की मला तोंड धुवावंसं वाटतं.

डबा घेऊन धुळ्याहून विक्रेता स्वतः आला. सज्जन माणूस, बोली अहिराणी. वायरी जोडून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, हाऊ डबा कोरडी जागामा ठेवज्यात. आनि एक नक्कल येगळी ठेवज्यात. दोन डिस्का शेतस म्हनीसन निचित ऱ्हावानं नही."

म्हणजे दोन डिस्कांवर निश्चिंत राहू नका. मी मनात म्हटलं, आला लबाड, आता दुसरा डबा गळ्यात मारणार. तोंडाने म्हटलं, "हो हो, बघू." त्याने चहा घेतला, गाळणी न बघता, आणि गेला.

मग पूजा. आमच्याकडे ट्रॅक्टर येवो, वजनकाटा येवो, नाना पूजेशिवाय हात लावू देत नाहीत. डब्याच्या पुढच्या जाळीवर हळदीकुंकवाची पाच बोटं उठली, झेंडूची माळ पडली, शेजारी नारळ फुटला. आतला पंखा चालूच होता. त्याने कुंकू आत ओढून घेतलं. अक्का दारात नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. "नाकात कुंकू कोंबून पूजा करतेत का कोनाची, व माय?" मी पेढा पुढे केला. तो त्यांनी कागदासकट घेतला आणि दुसऱ्या कोणाला दिला.

आता ठेवायचा कुठे? आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी कॉम्प्युटरला हात लावला तर तवा वाटतो. ऑफिसचा एसी वीज गेली की बंद. आवारात बारमाही थंड अशा दोन जागा होत्या. पहिली, अक्कांची रोपं वाढवायची खोली. मी डबा काखेत मारून तिथे गेलो.

"पंख्याची हवा कुठून येते याची?"

"मागून."

"म्हंजे ह्याच्या पोटातली हवा माझ्या बरण्यांवर? बाहेर."

मला राग आला. हा माणूस बावीस रकाने भरून आलाय आणि बाई त्याला पायपोसासारखं बाहेर काढते! त्या तिरमिरीत मी दुसरी थंड जागा गाठली. पिकवणीची खोली. रात्रंदिवस थंड, वीज गेली तर जनरेटर, आणि दाराला भक्कम कुलूप. मी कोपऱ्यात फळी ठोकून घेतली. केळीची साल सुकू नये म्हणून त्या खोलीत सतत पाण्याचं धुकं सोडतात, भिंती घामेजलेल्या असतात. ते मी पाहिलं. घामेजलेली भिंत पाहून मला वाटलं, बघा, काय गारवा आहे!

केळीच्या जिल्ह्यात जन्मलो, केळीवर वाढलो, आणि केळी पिकवायच्या खोलीत यंत्र ठेवून आलो. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाला हा गाढवपणा जमला नसता. त्याच्याकडे खोलीच नसती.

सगळ्यांचा माल डब्यात गेला. अक्कांचा राहिला. त्या महिनाभर टाळत होत्या. शेवटी मी नानांना सांगायला लावलं, तेव्हा कुठे त्यांनी नोंदी दिल्या. भाच्याला बोलावून, एकेक फोल्डर मोजून. आठवड्याने मला म्हणाल्या, "त्यात माझ्या प्रत्येक फोटोच्या बाजूला टिंबानं सुरू होनारी एक फाइल येऊन बसली. उघडत नाही. कोनाची हाये ती घाण?"

अमोलच्या मॅकने डब्यात जे फोल्डर हाताळलं, तिथे आपल्या बारीक फाइली टाकल्या होत्या. लेबलांसाठी फोटो शोधताना तो अक्कांच्या फोल्डरात हिंडून आला होता. मॅकवर त्या दिसत नाहीत, त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. मी समजावलं की त्यात काही वाईट नसतं.

"न सांगता घरात आलं ते वाईटच," अक्का म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "विलास, माझ्या जुन्या मशीनवर एक प्रत राहू दे ना. मला बरं वाटंल."

त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याची ती एकच वेळ. मी नियम सांगितला. दोन प्रती ठेवल्या की लोक कुठल्याही प्रतीत बदल करतात, गोंधळ होतो, आता सगळं एका जागी. वाक्य कुठेतरी वाचलेलंच होतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मशीनवरचं सगळं पुसून मी विंडोज टाकलं आणि नानांना सांगितलं, आता आपलं ऑफिस एकधर्मी होत आलं.

डबा सात महिने चालला.

एके सकाळी तो कोणाच्याच कॉम्प्युटरवर दिसेना. मी पिकवणीच्या खोलीत गेलो. दिवे बंद. उचलला तर फळीला चिकटलेला. उघडून पाहिला. आतल्या तांब्याच्या तारांवर हिरवी पुटं. झेंडूच्या पाकळ्या काळ्या पडून पंख्यात लडबडलेल्या, त्यांवर कुंकवाचा गाळ, गाळात झुरळांची अंडी. दोन्ही डिस्का गंजाने जागेवर धरलेल्या. आणि वास अतिपिकल्या केळ्याचा. डिस्क सडली होती. दोन्ही सडल्या होत्या, एकाच डब्यात, आरशासारख्या.

अक्का दारात आल्या. मला वाटलं आता लांब 'छी' येणार. आली नाही. त्यांनी विचारलं, "माझं?"

डिस्का मोठ्या शहरात पाठवल्या. महिन्याभराने जे निघालं ते आलं. भंगाळेंच्या भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ अखंड आला. माझा बावीस रकान्यांचा तक्ता चार प्रतींत आला. अक्कांच्या फोल्डरात टिंबाच्या फाइली आल्या, शेकड्यांनी, आत काही नसलेल्या. फोटो नाहीत. शेरे नाहीत.

बरण्यांवर आकडे होते. ते आकडे कोणत्या झाडाचे, ते सांगणारं जगात काही उरलं नव्हतं.

मृगाच्या लागवडीची रोपं शेतकऱ्यांना सांगून झालेली. रोपासोबत मातृझाडाचा दाखला द्यावा लागतो. नानांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आकडे आहेत ना? मग नोंदी करून टाक. अंदाजाने. हे बघ, रोप तर चांगलंच आहे."

"अक्का..."

"अक्कांचं मी बघतो. तू लिही. आणि रोपांच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे ठेव."

मी लिहायला बसलो. खोटं नाही सांगत, मला ते जमत होतं. पानाची लांबी, घडाच्या फण्या, गाव. शेऱ्याच्या रकान्यात मी अक्कांसारखंच लिहीत होतो. 'ठीक.' 'बरी.' चाळीस ओळी झाल्या आणि मागे साबणाचा वास आला.

अक्का वाचत होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं त्यांनी. मी खुर्चीत लहान होत गेलो.

"भडगावकडचं झाड म्हंतो हे?"

"अंदाज आहे, अक्का."

"त्या बाजूचं एकही झाड मी कधी घेतलं नाही."

मी खोडायला पेन उचललं.

"राहू दे. खोडून काय होनार?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बरनीत बुरशी आली तर दिसते रे. पांढरी, काळी, कशी का होईना, दिसते. हे दिसनार नाही. वर्षानं मान्साच्या मळ्यात दिसल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आवारात पोचलो तर अक्का दारात हात पुढे करून उभ्या. "किल्ली दे."

शौर्य वगैरे काही नव्हतं. त्या हाताकडे बघत राहणं मला झेपलं नाही, म्हणून मी किल्ली दिली. नानांना नंतर मी सांगितलं की टेबलावर विसरलो होतो. म्हणजे त्या दिवशीही एक खोटं बोललोच.

बरण्या निर्जंतुक करायचं यंत्र म्हणजे माणूस उभा राहील एवढा प्रेशर कुकर. अक्का आणि त्यांच्या बायका ढकलगाडीतून बरण्या आणत होत्या आणि त्यात लावत होत्या. प्रत्येक बरणीत हिरवीगार, बोटभर रोपं, एकही डाग नसलेली. एक बाई रडायला लागली तेव्हा अक्का म्हणाल्या, "तोंड तिकडं कर, बरनीत नको." मग स्वतःच थांबल्या. बरणीत आता काही पडलं तरी बिघडणार नव्हतं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी झाकण लावलं, चाक फिरवून आवळलं आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या, रोजच्यासारख्या, पूर्ण वेळ.

नाना अकराला आले तेव्हा नाल्यापाशी शिजलेल्या पाल्याचा ढीग होता. नाना खूप बोलले. त्यातलं लिहिण्यासारखं नाही. अक्का ऐकत होत्या आणि बोटांच्या बेचक्या पुसत होत्या. नाना दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "शेतकऱ्यांना मी सांगते, येंदा रोपं नाहीत. माझं नाव सांगते, तुमचं नाही." आणि खरंच, फोन घेऊन बसल्या आणि एकेकाला सांगत गेल्या. शिव्या खाल्ल्या. तेवढं झाल्यावर टोपी काढून घडी केली, पेला पिशवीत टाकला आणि एसटीच्या वेळेला निघाल्या. परत आल्या नाहीत.

मला नानांनी काढलं नाही. नवा डबा घ्यायला मलाच लावलं. कोरड्या कपाटात ठेवला आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. लोकांना वाटतं मी शिकलो. मी चाळीस ओळी किती सराईत लिहिल्या, ते भंगाळेंनाही ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी वरणगावकडे निघालो होतो. रस्त्याला लागून एका केळीच्या बागेत वाकलेली बाई दिसली. एका हातात मोबाइल, एका हातात मोजपट्टी. गाडी थांबवून आत गेलो. अक्का झाडाच्या बुंध्याला आकड्याची पाटी बांधत होत्या. केस पार पांढरे. शेजारी भाचा लिहून घेत होता, वहीत आणि फोनवर, दोन्हीकडे.

"अक्का."

त्यांनी मान वर केली नाही.

"किती झाडं झाली?"

"सतरा."

पूर्वी नोंदीत बाराशेच्या वर होती. एका झाडाच्या लेकी-नाती बघायला तीन-चार वर्षं जातात. मी मनात हिशेब करू लागलो, त्यांच्या वयाचा. मग तो सोडून दिला. बोलायला म्हणून खूप काही ठरवून आत आलो होतो. माफी होती त्यात. तोंड उघडलं.

"सावली पडते पाटीवर," अक्का मोबाइल रोखून म्हणाल्या. "बाजूला हो."

मी सरकलो.

"अजून."

मी अजून सरकलो.